परसबागेतील किडींवर कडुनिंबाचे तेल, करंजाचे तेल आणि साबणाचे पाणी : बेळगाव परिसरातील अनुभव

टिळकवाडीची बाग

सर्वांना नमस्कार. बेळगावात टिळकवाडीला आमच्या घरामागे दीड गुंठ्याचे परस आहे आणि गच्चीवर साठेक कुंड्या आहेत. जास्वंद, मोगरा, अबोली, कढीपत्ता, पपईची दोन झाडे, मांडवावर दोडका आणि कुंड्यांतून मिरची-वांगी असा सगळा पसारा आहे. घरात लहान मूल आहे आणि यातले बरेचसे रोजच्या जेवणात येते, म्हणून रासायनिक कीटकनाशक परसात आणायचे नाही, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले. त्यामुळे मावा, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी यांच्याशी गेली सहा वर्षे जी झुंज चालली आहे, ती तेल आणि साबण यांच्याच बळावर. त्यात जे हाती लागले आणि जे अजून सुटलेले नाही, ते दोन्ही येथे मांडते. खानापूरपासून अथणीपर्यंतच्या मंडळींनी आपापल्या पाण्याप्रमाणे आणि हवेप्रमाणे त्यात भर घालावी, ही विनंती.

आधी माझी चूक सांगते, कारण तीच चूक अनेक घरांत होत असणार. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये दोडक्याच्या वेलावर मावा आला. भांडी घासण्याचे द्रावण लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे घालून मारावे, असे कोणीतरी सांगितले आणि मी ते सकाळी अकरा वाजता, ऊन तापलेले असताना, हात न आखडता मारले. मावा मेला, पण तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि आठवड्याने अर्धा वेल वाळला. तेव्हा मला वाटले की साबणच वाईट. पुढे वाचन केल्यावर लक्षात आले की मी मारलेला पदार्थ साबण नव्हताच. भांड्यांचे द्रावण आणि कपड्यांची पावडर ही कृत्रिम अपमार्जके असतात, त्यांचे कामच तेलकटपणा ओढून काढण्याचे असते, आणि पानावर जो मेणाचा पातळ थर असतो तोही ती ओढून काढतात. तो थर गेलेले पान एप्रिलच्या उन्हात टिकेल कसे?

खरा साबण म्हणजे तेलातील स्निग्ध आम्लांचा क्षार. सोडियमचा असेल तर त्याची घट्ट वडी होते, पोटॅशियमचा असेल तर तो मऊ किंवा पातळ राहतो. झाडांसाठी हा पोटॅशियमचा मऊ साबण अधिक सुरक्षित, कारण सोडियम पानाला आणि मातीला दोघांनाही सोसत नाही. त्याचे काम पूर्णपणे स्पर्शावर चालते. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकणाची पिल्ले, पांढऱ्या माशीची पिल्ले आणि पानांचा रस शोषणारे बारीक कोळी (माइट) यांची कातडी मऊ असते. ओला साबण तिच्यातून आत शिरतो, पेशींची पटले विस्कटतात, अंगातले पाणी निघून जाते आणि कीड मरते. वाळल्यावर मात्र त्याच साबणात काही जोर उरत नाही. फवारणीनंतर तासाभराने त्या पानावर येऊन बसलेल्या माव्याला काहीही होत नाही, म्हणून जिथे थेंब पोहोचला नाही तिथली कीड जिवंत राहिली असेच समजावे. पानाची खालची बाजू, शेंड्याची घडी आणि देठाचा बगलेतला सांधा ही तिची लपण्याची ठिकाणे आहेत. मी पूर्वी पानांच्या वरच्या बाजूवर जेवढे पाणी उडवले, त्यातले बहुतेक वाया गेले.

कडुनिंबाच्या तेलाची गोष्ट वेगळी आहे. तेल म्हणून ते किडीच्या अंगावरची श्वासाची छिद्रे बुजवते, हे एक. आणि त्यातील अझाडिरॅक्टिन किडीची खाण्याची इच्छा घालवते व तिला कात टाकू देत नाही, हे दुसरे. हे द्रव्य १९६८ मध्ये निंबोळीतून वेगळे काढले गेले. त्याआधी १९६२ मध्येच दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निंबोळीचा गर कालवलेल्या अगदी विरळ पाण्याने टोळांना पिकापासून दूर ठेवून दाखवले गेले होते. आपल्या आज्या धान्यात आणि कपड्यांत निंबाचा पाला घालत होत्या, तेव्हा मला यात नवल वाटले नाही, पण अभिमान मात्र वाटला. या द्रव्याचा परिणाम सावकाश होतो. आज फवारले आणि उद्या सकाळी कीड मेलेली नाही म्हणून पुन्हा दुप्पट फवारणे, हा उतावळेपणा झाडाला महागात पडतो.

सध्याची माझी पद्धत अशी आहे. घाण्यावरचे कडुनिंबाचे तेल लिटरला ५ मिलिलिटर आणि पातळ पोटॅशियम साबण २ मिलिलिटर. आधी साबण थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवते, मग त्यात तेल थेंबाथेंबाने घालत ढवळते, दुधासारखे पांढरे झाले की उरलेले पाणी मिसळते. तेल आधी पाण्यात आणि साबण नंतर, असे केले तर तेल वर तरंगते आणि फवाऱ्यातून कधी नुसते पाणी तर कधी नुसते तेल पडते. पाने भाजतात ती अशा वेळी. नवीन झाडावर आधी तीन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबते. नेचा आणि तेरडा यांना साबण मानवत नाही, त्यांच्या वाटेला मी जात नाही.

आता माझे तीन प्रश्न. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येते तेव्हा आम्ही बोअरवेलचे पाणी वापरतो आणि त्यात हेच मिश्रण फाटल्यासारखे होते. यावर उपाय काय? मिरचीचा चुरडा, म्हणजे पाने आखडून वळणे, तेलाने आटोक्यात येतो का? आणि पावसाळ्यात फवारणी नेमकी केव्हा करावी?

अथणीचा मळा

ताई, आपला पहिला प्रश्न आम्हा पूर्वेकडच्या लोकांच्या रोजच्या ओळखीचा आहे. आमच्याकडे काळी जमीन आणि जड पाणी. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते, ते साबणाशी जुळून न विरघळणारा चोथा तयार होतो, आणि बादलीच्या कडेला जी पांढरी साय धरते ती हीच. साबणाचा जेवढा भाग त्या चोथ्यात गेला तेवढा किडीसाठी संपला, वर तो चोथा फवाऱ्याच्या तोंडात अडकतो तो वेगळाच. लोकांना वाटते साबण कमी पडला, म्हणून ते आणखी घालतात, आणि पानावर नुसते कीट वाढते.

पाणी ओळखण्याची सोपी रीत सांगतो. दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत पागोळीचे धरलेले पावसाचे पाणी आणि दुसरीत बोअरचे पाणी घ्या, दोन्हींत साबणाचे चार-चार थेंब घालून झाकण लावून हलवा. पहिलीत फेस उभा राहील. दुसरीत फेस बसून पाणी गढूळ दिसले तर ते पाणी फवारणीच्या कामाचे नाही. आपल्या बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल येथून येणारे नळाचे पाणी त्या मानाने हलके आहे, तेव्हा फवारणीपुरते दोन लिटर नळाचे पाणी बाजूला ठेवणे आपल्याला अवघड जाणार नाही. आम्ही पावसाळ्यात पिंपभर पाणी धरून झाकून ठेवतो आणि ते फक्त फवारणीला वापरतो. घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते ते कृपया यासाठी वापरू नये. ते मूळ पाण्यापेक्षाही जड असते.

आणखी एक मुद्दा, जो मला पुष्कळ उशिरा समजला. अझाडिरॅक्टिन आम्लधर्मी बाजूच्या पाण्यात टिकते आणि अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडते. साबण स्वतः अल्कधर्मी. म्हणजे तेल आणि साबण एकत्र केलेले पाणी रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरले तर त्यात तेलाचा चिकटपणा तेवढा उरतो आणि औषध बरेचसे गेलेले असते. म्हणून जेवढे लागेल तेवढेच कालवावे आणि दोन-तीन तासांत संपवावे. उरले तर दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवण्याचा मोह धरू नये.

आमच्या बाजूला बांधाबांधाला कडुनिंब आहे, त्यामुळे आम्ही तेलापेक्षा निंबोळी अर्कावर अधिक भर देतो. वाळलेल्या निंबोळीचा गर कुटून ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी, सकाळी फडक्यातून दोनदा गाळावी, फवारण्याच्या वेळी त्यात एक-दोन ग्रॅम साबण मिसळावा. हाच शेतकऱ्यांचा पाच टक्के अर्क. निंबोळ्या सावलीत वाळवलेल्या हव्यात. बुरशी धरलेल्या काळ्या निंबोळ्यांचा अर्क म्हणजे नुसता वास. परसबागेला वर्षाला दोन किलो निंबोळ्या पुरून उरतात.

संकेश्वरी

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण मिरची हा आमच्या घरचा जिव्हाळ्याचा विषय आहे. संकेश्वरी मिरचीचे दहा-बारा वाफे आम्ही अजूनही घरच्या बियाण्यावर राखतो.

चुरडा हा एकच रोग नाही, आणि फवारणीला हात घालण्यापूर्वी तो कोणता आहे हे पाहिलेच पाहिजे. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर ते काम बहुधा फुलकिड्यांचे असते. पान खालच्या बाजूला वळून लांबट, निमुळते झाले असेल आणि मागची बाजू तेलकट तपकिरी दिसत असेल तर तो कोळी. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. आणि पाने बारीक, पिवळट, गुच्छासारखी होऊन झाडाची वाढच खुंटली असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू; त्यावर तेल चालत नाही, साबण चालत नाही, आणि दुकानातले कोणतेही औषधही चालत नाही. ते झाड उपटून पुरून टाकावे, शेजारच्या झाडांवर पांढरी माशी राहू देऊ नये. एक झाड वाचवण्याच्या हळव्या मनाने अख्खा वाफा गमावलेला मी पाहिला आहे, आणि तो वाफा आमचाच होता.

फुलकिडे डोळ्यांना पटकन दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर फूल आणि शेंडा टिचकीने झटकावा. पिवळसर, धाग्याच्या तुकड्याएवढे काही चालू लागले तर ते फुलकिडे. कोळ्यासाठी मात्र भिंग हवेच.

तेलाचा उपयोग फुलकिडे आणि कोळी या दोन्हींवर होतो, पण एका फवारणीत कधीच नाही. साबण असो वा तेल, अंड्यांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. आज मोठी कीड मेली तरी चार-सहा दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात. म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या करतो, आणि तिसरी कधीही चुकवत नाही. जुनी वळलेली पाने सरळ होत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. फवारणी लागू पडली की नाही हे नव्या फुटलेल्या पानांवरून ठरवावे.

एक सावधगिरीची गोष्ट. कोळी आणि भुरी यांच्यासाठी गंधक वापरण्याची आमच्याकडे रीत आहे. गंधक आणि तेल एकत्र करू नये, आणि एकानंतर दुसरे लगेचही मारू नये, पाने भाजतात. दोहोंत तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवावे.

निपाणीकर

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. आमच्या निपाणी भागात तंबाखू पिकते, त्यामुळे जुन्या पिढीत किडीवर पहिला उपाय तंबाखूच्या काढ्याचा असे. अर्धा किलो तंबाखूचा चुरा साडेचार लिटर पाण्यात भिजवून, त्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साबण विरघळवून, ते पाणी सहा-सात पट पातळ करून मारीत. मावा त्याने हटकून मरतो, हे मी स्वतः लहानपणी पाहिले आहे. तो उपाय येथे कोणी कसा सांगितला नाही, याचे आश्चर्य वाटले. शेवटी तंबाखूही वनस्पतीच आहे.

टिळकवाडीची बाग

निपाणीकर काका, आपण विषय काढलात हे बरे झाले. पण वनस्पतीपासून आले म्हणजे सौम्यच, असे मला वाटत नाही. निकोटिन हे माणसासाठी तीव्र विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात शिरते. ओल्या तंबाखूची पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ आणि चक्कर येते हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. ज्या कोथिंबिरीला आपण दोन दिवसांनी हात लावणार, तिच्यावर हे मारायला माझे मन धजत नाही. दुसरे असे की मिरची, टोमॅटो, वांगी ही तंबाखूच्याच कुळातली. तंबाखूवरचा केवडा रोगाचा विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो आणि हाताने, चुऱ्याने टोमॅटो-मिरचीवर जाऊ शकतो. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोच्या रोपांना शिवू नये, असे सांगतात ते याचसाठी.

निपाणीकर

ताई, विषाणूचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो पटला. हाताला होणाऱ्या त्रासाबद्दल तर मी नाही म्हणूच शकत नाही; आमच्या घरातील बायकांनी तो वर्षानुवर्षे काढला आहे. काढा करण्याचे मी सोडतो. पण जुन्या उपायातील एक भाग आजही धरून ठेवण्याजोगा आहे, तो म्हणजे पिवळा पत्रा. डब्याचा पत्रा पिवळा रंगवून त्यावर एरंडेल तेल चोपडून झाडाच्या उंचीवर टांगला की पांढरी माशी आणि पंख फुटलेला मावा त्यावर येऊन चिकटतो. आठ दिवसांनी पुसून पुन्हा तेल लावायचे. याने कीड संपत नाही, पण ती आली केव्हा हे अचूक कळते, आणि फवारणी योग्य दिवशी सुरू करता येते.

खानापूरचा पाऊस

तिसरा प्रश्न आमच्या वाट्याचा. कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर पाऊस असा लागतो की पान वाळलेले दिसणेच दुर्मिळ. फवारलेले तेल पावसात धुऊन जाते, हे खरे. पण मुसळधार पावसात माव्याच्या वसाहतीही धुऊन जातात, म्हणून त्या चार महिन्यांत मी उघड्यावरच्या झाडांवर फवारणी करतच नाही. ओसरीखालच्या कुंड्यांचा प्रश्न तेवढा राहतो.

संध्याकाळी फवारावे असे सर्वत्र लिहिलेले असते आणि बेळगाव-अथणीच्या उन्हाळ्यात ते बरोबरच आहे. पारा ३२ अंशांच्या वर असताना तेल किंवा साबण मारू नये, तहानलेल्या झाडावर तर मुळीच नाही. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्यावे आणि ऊन कलल्यावर फवारावे. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विरते, त्या दृष्टीनेही संध्याकाळ चांगली. पण दमट हवेत हा नियम आमच्याकडे उलटतो. संध्याकाळी मारलेले पाणी रात्रभर वाळत नाही. साबण आणि तेल पानावर जितका वेळ ओले राहतात तितका किडीला धोका असतो, आणि तितकाच पानालाही. माझ्या अबोलीवर एका श्रावणात असेच गोल, पाणी भरल्यासारखे डाग पडले होते. तेव्हापासून पावसाची उघडीप पाहून मी सकाळी लवकर, सहा ते सातच्या दरम्यान, मधमाश्या बाहेर पडण्याआधी फवारतो. ज्या झाडाला फुलोरा आहे त्याच्या फुलांवर मारत नाही. शेवगा आणि लिंबू फुलात असताना तर पंप उचलतच नाही.

दुसरे सांगायचे ते करंजाबद्दल. कडुनिंब हे कोरड्या मुलखाचे झाड आहे, आमच्याकडे ते अथणी-रायबागइतके जोमाने वाढत नाही. पण ओढ्याकाठी करंज पुष्कळ आहे. कन्नड शेजारी त्याला होंगे म्हणतात आणि घाण्यावर हे तेल त्याच नावाने मागितले तर लवकर मिळते. करंजाच्या तेलातील करंजिनही किडीला खाण्यापासून परावृत्त करते. मी दोन्ही तेले निम्मी-निम्मी घेतो, एकूण प्रमाण लिटरला ५ मिलिलिटरच्या वर नेत नाही, आणि साबणाऐवजी बरेचदा रिठ्याचे पाणी वापरतो. पाच-सहा रिठ्यांची साले रात्री भिजवून सकाळी चोळून गाळली की लिटरभर पाण्याला पुरते. जड पाण्यात साबण फाटतो तसा रिठा फाटत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र रिठ्याचे पाणी माशांना मारक आहे, तेव्हा कमळाच्या टाकीत मासे सोडलेले असतील तर ते पाणी तिकडे जाऊ देऊ नये.

ज्यांना हे कालवाकालवीचे काम जमत नाही त्यांच्यासाठी एक तयार वाट आहे. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कडुनिंबाचा आणि करंजाचा, असे दोन फवारणीचे साबण तयार केले आहेत. तेल आणि साबण एकाच वडीत असल्याने तेल वेगळे होण्याची भीती राहत नाही. कोबीच्या मेणचट पानावर साधे पाणी ठरत नाही, घरंगळून जाते. तिथे हा साबण चांगला पसरतो. मत्तीकोप आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांत त्याची चौकशी करावी. प्रमाण मात्र वेष्टनावर असेल तेच घ्यावे.

गोकाकची फळबाग

वरील सर्वांशी सहमत आहे, तरी एका गोष्टीची काळजी वाटते म्हणून लिहिते. तेल आणि साबण सौम्य आहेत म्हणून आपण ते दर आठवड्याला, कीड असो वा नसो, मारत सुटतो. साबणाला मित्रकीटक आणि शत्रुकीटक यांतला फरक कळत नाही. किडी खाणाऱ्या ढालकिड्याची आळी ओली झाली तर तीही मरते.

पिठ्या ढेकणाच्या बाबतीत हा घोटाळा सर्वाधिक होतो. क्रिप्टोलेमस नावाचा एक ढालकिडा आहे, त्याची आळी अंगावर पांढरे मेणाचे तंतू वागवते आणि थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. फरक एवढाच की पिठ्या ढेकूण जवळजवळ जागेवर बसून असतो आणि ही आळी भराभर चालते. जास्वंदीवर पांढऱ्या पुंजक्यांमध्ये काही लगबगीने फिरताना दिसले तर पंप खाली ठेवावा आणि आठ दिवस वाट पाहावी.

पपईचे उदाहरण घ्या. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात प्रथम आढळला आणि दोन वर्षांत त्याने दक्षिणेत हाहाकार उडवला. बागायतदारांनी औषधांवर पाण्यासारखा पैसा ओतला. तो आटोक्यात आला तो २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणून सोडलेल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीमुळे, जी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते. टिळकवाडीच्या ताईंच्या पपईवर वाळलेले, तपकिरी, फुगलेले ढेकूण दिसत असतील तर त्यांच्या आत हीच माशी वाढते आहे; ते पान तोडू नये, त्यावर साबणही मारू नये.

नारळाचेही तेच. २०१६ पासून आपल्या देशात आलेली चक्राकार पांढरी माशी नारळाच्या झावळ्यांखाली पांढरी मेणचट वर्तुळे काढते आणि खालच्या झाडांवर चिकट रस सांडून काळी बुरशी आणते. लहान झाडावर कडुनिंबाचे तेल लिटरला ५ मिलिलिटर, झावळीच्या खालून, एवढे पुरे. काळ्या बुरशीसाठी तांदळाची किंवा मैद्याची पातळ खळ, लिटरला १० ग्रॅमच्या हिशेबाने शिजवून गार करून, पानावर फवारावी. ती वाळली की पापुद्रा होऊन बुरशीसकट गळून पडते. आमच्या कढीपत्त्यावर आणि पेरूवर हा उपाय फार चांगला लागू पडला.

आणि मुंग्या! जिथे मावा किंवा पिठ्या ढेकूण पुन्हापुन्हा येतो तिथे मुंग्यांची रांग असतेच. त्यांना गोड रस हवा असतो, म्हणून त्या किडीची राखण करतात, मित्रकीटकांना हुसकावतात. कुंडी विटांवर ठेवून त्या विटा पाण्याच्या ताटलीत ठेवाव्यात, किंवा खोडाला कापडाची पट्टी बांधून तिच्यावर एरंडेल चोपडावे. तेल थेट खोडाच्या सालीला लावू नये. मुंग्यांची वाट बंद केली की निम्मी फवारणी वाचते, असा माझा अनुभव आहे.

नवशिकी हिंडलगा

माझा प्रश्न साधा आहे. दुकानात निंबाच्या औषधाच्या बाटल्यांवर ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम असे आकडे दिसतात. यांतले कोणते घ्यावे आणि घाण्यावरचे तेल घेतले तर काय बिघडते?

अथणीचा मळा

तो आकडा अझाडिरॅक्टिनचे प्रमाण सांगतो. १०,००० म्हणजे एक टक्का. कुंड्यांसाठी ३०० किंवा १५०० ची लहान बाटली पुरेशी आहे, तिचे प्रमाण लिटरला ५ मिलिलिटरच्या आसपास असते, आणि १०,००० ची असेल तर २ मिलिलिटर. तरी वेष्टन वाचूनच मोजावे. या बाटल्यांत तेल पाण्यात मिसळण्याची सोय आधीच केलेली असते, वेगळा साबण लागत नाही. बाटली घेताना तारीख पाहा आणि दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका.

घाण्याच्या तेलात बिघडत काही नाही, परंतु त्यातील औषधाचे प्रमाण दर खेपेला वेगळे निघते. तेल लाकडी घाण्याचे, न तापवलेले असावे. आपल्याकडे पौष-माघात पहाटे गारठा वाढला की ते लोण्यासारखे गोठते. ते विस्तवावर ठेवू नये. बाटली कोमट पाण्यात धरावी, पुन्हा पातळ होते. आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ही बाटली खाद्यतेलाच्या बाटलीशेजारी ठेवू नका. कडुनिंबाचे तेल पोटात गेले तर लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते. आमच्या घरी ती माळ्यावर, चिठ्ठी लावून ठेवलेली असते.

टिळकवाडीची बाग

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिले की पुढे काय झाले ते न कळवणे बरे दिसले नसते.

बाटल्यांची परीक्षा केली. आमच्या बोअरच्या पाण्यात साबण पार बसला, नळाच्या पाण्यात फेस टिकला. आता फवारणीपुरते नळाचेच पाणी. मिरचीच्या दहा कुंड्यांपैकी सात कुंड्यांतील पाने वर वळलेली होती, कागदावर फुलकिडे निघाले; एका कुंडीतले झाड संकेश्वरी दादांनी वर्णन केले तसे गुच्छ झालेले होते, ते मी जड मनाने उपटले. उरलेल्या दोन चांगल्या होत्या. पाच-पाच दिवसांनी तीन फवारण्या झाल्या. जुनी पाने तशीच वळलेली आहेत, पण सातांपैकी पाच झाडांचे नवे शेंडे सपाट आणि हिरवेगार आले आहेत. राहिलेल्या दोन झाडांवर पान खाली वळू लागले आहे. बहुतेक तिथे कोळीही आहे. भिंग मागवले आहे.

जास्वंदीवर मात्र मी फवारले नाही. गोकाकच्या ताईंचे वाचून पुंजके नीट पाहिले तर त्यांत तीन पांढऱ्या आळ्या चक्क चालत होत्या. गेल्या वर्षी अशाच आळ्या मी जुन्या दात घासण्याच्या ब्रशने, साबणाच्या पाण्यात बुडवून, एकेक करून घासून काढल्या होत्या, हे आठवून फार वाईट वाटले. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवली आणि मुंग्या बंद केल्या. आज सकाळी मोजले तेव्हा शेंड्याकडचे चार पुंजके रिकामे होते, नुसता कापूस राहिला होता. खालच्या फांद्यांवर अजून कीड आहे, तिथे आळ्या पोहोचलेल्या नाहीत. त्या फांद्यांवर साबण मारावा की आणखी आठ दिवस थांबावे?

गोकाकची फळबाग

थांबा, ताई. फारच दाटी झालेली एखादी फांदी असेल तर तेवढी कापून पिशवीत बांधून टाका. बाकीच्या फांद्या आळ्यांवर सोडा. कीड संपत आली की त्या आळ्या खोडाच्या खाचेत कोशात जातील, तेव्हा ते कोशही काढू नका.